आवतण

माझी मायबोली कोंकणी. आमच्याकडे गोरवांचा मान दिवाळीच्या पाडव्याला. पोळा मी बोरगावास आल्यावरच पाहिला. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांस दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. ते पाहण्यासाठी यंदा एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो, तो गोठा रिकामा! जोडी उन्हाळ्यात विकली गेली होती आणि अंगणात ट्रॅक्टर उभा होता. (नांगरट झटपट होते हे खरेच, त्यास नावे कोण ठेवील?)

चिरंजीव ओसरीवर संगणकापुढे बसले होते. ‘पॅलिओ पाइन्स’ हा २०२३ सालचा खेळ. त्यात शेतकऱ्याच्या दावणीला बैल नाहीत, डायनासोर आहेत! बासरी वाजवून त्यांच्याशी ओळख करावयाची, ज्याच्या त्याच्या आवडीचे खाणे द्यावयाचे, कुरवाळावयाचे, ऐसपैस गोठा बांधावयाचा. तेव्हा कोठे स्वारी कामाला येते. ज्यांची अश्मीभूत हाडे १८२८ साली आपल्या जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास सापडली, त्या अजस्र प्राण्यांची ही मनधरणी पाहून मला हसू आले.

“सर, हा रुसला आहे. याला काय आवडते तेच कळेना,” तो म्हणाला. मग एकाएकी मागे वळून त्याने विचारले, “आजा, आपल्या ढवळ्याले काय आवडे?”

आजोबा रिकाम्या खुंट्याकडे पाहत होते. “सरकी. अन् गळ्याखाली खाजवलं का डोये मिटे.”

थोड्या वेळाने ते हलक्या आवाजात म्हणाले, “थे म्या नव्या मालकाले सांगतलंच नाही.”