पुढे वन्सं, मागे मी

तारकर्लीच्या किनाऱ्यावर डिसेंबरात मला तासभरसुद्धा बसवत नाही. पॅराशूट ओढणाऱ्या बोटी, रबरी होड्यांवरचा आरडाओरडा आणि त्या सगळ्यावर कुणाच्या तरी स्पीकरचा ठोका. वाळू अजून सुंदर आहे, पाणी नितळ आहे, पण लाटांचा आवाज ऐकायला तिथं जागा उरलेली नाही. म्हणून या खेपेला वन्सं आणि मी समुद्राकडे पाठ करून राहायचं ठरवलं. पलीकडचं देवबाग म्हणजे जमिनीची अरुंद पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. आम्ही नदीच्या अंगाला खोली घेतली. सिंधुदुर्ग किल्ला, मालवणचा बाजार, बांगड्याचं तिखलं, हे सगळं यथासांग झालं. त्यात नवं सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते कयाकचं.

वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या विहिरीत पोहायला शिकल्या, मी पुण्यात तलावात. खोलीच्या मागे धक्क्याला एक पिवळी, दोघांनी बसायची कयाक बांधलेली होती. ती पाहिल्यापासून आमच्या मनात पहाटेची नदी होती. धुकं, बगळे, हलतं न हलतं पाणी. खोलीवाल्याच्या वडिलांना घरात सगळे तात्या म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. जन्मभर रापण ओढलेला माणूस, आता पाण्यावर जात नाहीत, पण पाण्यावर कोण जातंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. त्यांनी आमचा बेत ऐकला आणि मान हलवली.

"सकाळी नाय. सुकती लागतली, वरसून मतलई. दोनय मिळान तुमका दर्यात नेतली."

मग त्यांनी वन्संना विचारलं, "आज तिथ खंयची?"

"अष्टमी."

"आठ पाऊण?"

"सहा," वन्संनी क्षणात उत्तर दिलं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी अजून पाठ आहे.

किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. गावागावात थोडा फरक पडतो, नदीत आत गेल्यावर आणखी, आणि नेमकी वेळ तक्त्यातच पाहावी लागते. पण अष्टमीला भरती पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, एवढं डोक्यात पक्कं राहतं. म्हणजे आम्हाला हवी होती त्या वेळेपासून दुपारपर्यंत नदी समुद्राकडे ओसरणार. जमिनीवरून दर्याकडे वाहणारा मतलई वाराही त्याच दिशेचा. त्यात पाणी आरशासारखं दिसणार आणि आपण वाहत चाललो आहोत हे कळणारही नाही. संगमाच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर लाटा फुटतात. तिथं पोहोचल्यावर कळून उपयोग नसतो.

"दोपारी भरती लागली की जावा," तात्या म्हणाले. "दमलास तरी पाणी तुमका गावात नेतला, दर्यात नाय. आज भांग हा, म्हणान सोडतंय. पुनवेक इलास तर होडयेक हात लावूक देवचंय नाय."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं मवाळ पाणी. उधाण येतं ते अमावास्या-पौर्णिमेला, आणि तेव्हा ओढही तशीच असते. हे सगळं पटत होतं, तरी पहाट हातची गेली याचं मला वाईट वाटलं. दुपारच्या उन्हाची मला मनापासून नावड आहे.

पण तात्यांनी सकाळ रिकामी जाऊ दिली नाही. अकराच्या सुमाराला, ओहोटी जवळजवळ संपून पाणी थांबल्यासारखं झालं, तेव्हा त्यांनी आम्हाला धक्क्यापाशी छातीभर पाण्यात उतरवलं. त्याआधी वन्संची ओढणी काढून ठेवायला लावली. बुडताना ती पायात अडकते, एवढंच म्हणाले. मग लाइफजॅकेट. पट्टे आवळून झाल्यावर त्यांनी नातवाला सांगून माझं जॅकेट खांद्याला धरून वर ओढवलं. ते कानापर्यंत आलं. "ह्या नको." दुसरं दिलं, तेही आलं. तिसरं अंगाला घट्ट राहिलं. याच किनारपट्टीवर एका ठिकाणी मला बक्कल तुटलेलं, सुतळीनं बांधलेलं जॅकेट मिळालं होतं आणि देणारा मुलगा "काही होत नाही" म्हणाला होता. ते वाक्य ऐकलं की मला आजही राग येतो. पाण्यावर काही होतं तेव्हा ते सांगून होत नाही. सैल जॅकेट तेव्हा तोंडावर चढतं आणि माणूस त्याच्याखाली राहतो.

"आता उलटा करा," तात्या म्हणाले.

आम्ही कयाकमध्ये बसलो होतो, मजेत होतो, आणि त्यांनी आम्हाला मुद्दाम बुडायला सांगितलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, नाक धरलं आणि अंग एका बाजूला टाकलं. खारट, हिरवट पाण्यातून वर आले तेव्हा त्या हसत होत्या आणि त्यांचं वल्हं दूर चाललं होतं.

"वल्हा सोडल्यास! होडी सोडूची नाय, वल्हा सोडूचा नाय. पाण्यात माणसाचा टकला नारळाएवढा दिसता. होडी लांबसून दिसता."

पुन्हा उलटलो. या वेळी एक हात कयाकवर, एक हात वल्ह्यावर. मग दोघींनी एकाच बाजूला येऊन, पलीकडची कड धरून कयाक सुलटी केली. ही वरून उघडी, आरपार भोकं असलेली कयाक, त्यामुळे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. बंद पोटाच्या कयाकचं तसं नसतं, तिचं पाणी उपसावं लागतं. खरी परीक्षा चढण्याची होती. एकीनं एका बाजूला लोंबकळून वजन द्यायचं, दुसरीनं समोरच्या बाजूनं चढायचं. "आधी पोट, मगे बूड, मगे पाय." पोटावर आडवं पडायचं, वळून बसायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. घाईनं गुडघा टेकवला की कयाक पुन्हा पालथी.

वन्सं आधी चढाव्यात म्हणून मी वजन दिलं. त्या निम्म्यावर अडकल्या. त्यांना वर ढकलायला माझा हात पोहोचत नव्हता. मी म्हणाले, "वन्सं, जरा पाय मारता का?" तात्या काठावरून ओरडले, "जरा-बिरा नको! होडयेत मान देवक वेळ नाय. 'पाय मार' म्हणा!" माझ्या तोंडून वन्संना 'पाय मार' कधी आलं नव्हतं, येणारही नव्हतं. वन्संनीच ते सोडवलं. अर्धवट लोंबकळत म्हणाल्या, "अगं, म्हण ना! मी ऐकते." मी ओरडले. त्यांनी पाय मारले आणि त्या वर होत्या. मग त्यांनी वल्हं पाण्यावर आडवं टेकवून तोल धरला आणि मला हुकूम सोडले. मी चढले.

"कोण बोलतला ता आधी ठरवा," तात्या म्हणाले. "एका होडयेत दोन तांडेल चलनत नाय." पुढे वन्सं, त्यांनी वल्ह्याची लय धरायची आणि नजर ठेवायची. मागे मी, मी वळवायचं आणि बोलायचं. थांबा म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं. न दमता चढता आलं तेव्हाच तात्यांनी आम्हाला जेवायला सोडलं.

दुपारी निघालो तेव्हा भरती आणि खारा वारा दोन्ही पाठीशी होते. वन्संनी लयीसाठी मोठ्यानं पाऊणकी म्हणायला सुरुवात केली. दर आकड्याला एक वल्हं, एकदा डावं, एकदा उजवं. दोन वल्ही एकमेकांवर आदळेनाशी झाली आणि कयाक सरळ धावू लागली. डॉल्फिन दाखवून परतणाऱ्या एका बोटीची लाट आली, ती वन्संनी आधी पाहिली. "लाट, उजवीकडून!" मी नाळ तिच्यावर वळवली. आडवी सापडलो असतो तर उलटलो असतो. अंगावर थोडं पाणी आलं, एवढंच. एकटी असते तर मी ती लाट पाहिली असती की वळण्यात गुंतले असते, सांगता येत नाही. सोबतीचा अर्थ मला तिथं कळला. संकटात ओढून काढणं फार पुढचं. त्याच्या कितीतरी आधी चार डोळे आणि एक आवाज कामाला येतो.

पुढे नदीच्या एका फाट्यात कांदळवन सुरू झालं. काठाला चिप्पी होती. तिच्यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्रानं 2020 साली राज्य कांदळवृक्ष ठरवलं. पलीकडे कांदळाची झाडं, फांद्यांना झाडावरच रुजलेली लांब रोपं लोंबत होती. आणि चिखलाच्या काठावर पाणमांजरं. चार-पाच, मासा फाडून खाणारी. वन्संनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि दुर्बीण काढली. मी मागे वल्हं पाण्यावर सपाट टेकवून कयाक जागच्या जागी धरून ठेवली.

अल्यूशियन बेटांवरच्या शिकाऱ्यांच्या कातडी होड्यांविषयी मी पूर्वी वाचलं होतं. त्यांच्या दोघांच्या होडीत मागचा वल्हवून तोल धरी आणि पुढचा भाला फेके, कारण एकट्याला दोन्ही साधणं अवघड. 18व्या शतकात रशियन व्यापाऱ्यांनी याच माणसांना वेठीला धरलं, समुद्री पाणमांजरांच्या कातड्यांसाठी. ही विद्या ज्यांनी घडवली त्यांच्या हातून तिचा असा वापर करून घेतला, हे वाचल्यापासून मला अस्वस्थ करतं. त्या दुपारी आम्ही त्याच मांडणीत बसलो होतो, पुढचीनं फक्त पाहावं म्हणून मागची तोल धरत होती. पाणमांजरं आपणहून पाण्यात उतरली, तोवर आम्ही हललो नाही.

पाणी थबकलं तसे फिरलो. ओहोटीचा पहिला तास सौम्य असतो, जोर मधल्या तासांत. त्या सौम्य तासातच उजेडी धक्क्याला लागलो. तात्या खुर्ची टाकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेकटीची कयाक दिली. गळ्यात शिट्टी, तीनदा वाजली तर मदत हवी. वल्हं उभं धरलं तर ये, आडवं तर थांब. जाणकार म्हणतात की दोन वेगळ्या कयाक जास्त सुरक्षित, एक उलटली तर दुसरी कोरडी असते. ते खरंच आहे. पण वन्सं माझ्याहून पुढे निघून जात, मला दर थोड्या वेळानं वल्हं आडवं धरावं लागे, आणि पाऊणकी ऐकू येत नव्हती. मला एकच कयाक आवडली. वन्संनाही. फक्त पुढच्या खेपेला मागे त्या बसणार आहेत म्हणे, आणि ओरडणारही त्याच.