घुरघुर म्हणजे खुशी?

"घुरघुरतोय बघा. मजेत आहे तुमचा बोका."

हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. मन्या घरात कसा आला, सासूबाईंनी आधी किती विरोध केला आणि मग तो त्यांच्याच पांघरुणात कसा झोपायला लागला, हे मांजरवाल्या प्रत्येक घरात घडतं. ते सोडून देते. पावसाळ्यातल्या एका सकाळी तो सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. सासूबाईंनी रेती चाचपली. कोरडी! "याला लघवी होत नाहीये," त्या म्हणाल्या, "आणि तोंड बघ गं, कसं आवळून धरलंय."

दवाखान्यात डॉक्टरांनी ताप पाहिला, तो नव्हता. सासूबाई सांगत होत्या, "अहो डॉक्टर, सकाळपासून थेंब नाही." त्यांचं उत्तर तयार होतं: "आजी, पोट साफ नसेल. मांजरं नाटकी असतात." मन्या टेबलावर अंग आक्रसून बसला होता. कान बाहेरच्या बाजूला वळून पडलेले, डोळे बारीक, मिशा ताणून सरळ झालेल्या, डोकं खांद्यांच्या खाली. आणि तो घुरघुरत होता. डॉक्टरांनी एवढी एकच गोष्ट ऐकली. पोटाला हात लावला नाही. मी म्हटलं, एकदा चाचपून बघता का? तर, "ताई, दुखत असतं तर घुरघुरला असता का?" पोट साफ होण्याचं सिरप लिहून दिलं आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

रात्री मन्या ओकायला लागला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पोटच चाचपलं. मूत्राशय मोसंबीसारखं टणक लागत होतं. बोक्यांचा मूत्रमार्ग चिंचोळा असतो. खड्यांनी किंवा चिकट गाळाने तुंबला, तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्यांनी भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं. मन्या वाचला.

नंतर मी वाचत सुटले. मांजर वेदनेतही घुरघुरतं, भ्यालं तरी घुरघुरतं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. सासूबाईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांच्या माहेरी, संगमेश्वराकडे, कोठारात उंदरांसाठी मांजरं असायची. "जनावर बोलत नाही म्हणून त्याचं तोंड बघायचं," एवढंच त्या म्हणतात.

कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठाच्या पाहणीत 6,000 हून अधिक लोकांना मांजरांच्या चेहऱ्यांच्या छोट्या चित्रफिती दाखवून ओळखायला सांगितलं होतं, मांजर बऱ्या मनःस्थितीत आहे की वाईट. सरासरी गुण 20 पैकी 12 च्याही आत. हे वाचल्यावर त्या डॉक्टरांवरचा राग थोडा निवळला. चेहरा वाचणं खरंच अवघड आहे. पण त्याच पाहणीत पशुवैद्यकातल्या लोकांना इतरांपेक्षा बरं जमलं होतं, हेही वाचलं आणि राग परत आला. चेहरा नाही कळला तर नाही; पोट चाचपायला किती वेळ लागतो?

बोका सारखा ट्रेमध्ये जातोय आणि रेती कोरडी आहे, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. माणसांच्या दुखण्यावरची गोळी घरी देऊ नका; पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे. आणि डॉक्टरांनी हात लावला नाही, तर हात लावा म्हणून सांगा. वाईट दिसलं तरी चालेल.

ती पट्टी झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा अंग चाटणाऱ्या मांजराला लावायची नसते, हे मला माहीत आहे. निवांत मांजरही डोळे बारीक करतं. तरीही मन्या उन्हात डोळे मिचकावून बसला की मी त्याचे कान आणि मिशा न्याहाळत बसते. "बघू नकोस गं सारखी, त्यालाही भीती वाटते," सासूबाई ओरडतात, आणि स्वतः ट्रेमधली रेती ओली आहे का ते बघायला जातात.