होसकोट्याची रात्र आणि पळून जाणारे गोब्लिन

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं वठवत खेळायचा फाशांचा खेळ आम्ही शिकलो झेरॉक्सच्या पानांवरून. मूळ पुस्तक 1981 च्या बेसिक आवृत्तीचं, एका मित्राच्या अमेरिकेतल्या मामाने आणलेलं. नकाशा चौकटीच्या वहीत, आणि वीस बाजूंचा फासा सगळ्यांत मिळून एकच. त्या पानांत प्रत्येक राक्षसापुढे धैर्याचा आकडा असे, 2 ते 12 मधला. गोब्लिनचा 7. पहिला साथीदार पडला किंवा निम्मे गारद झाले, की राक्षसांची बाजू खेळवणारा गेम मास्टर सहा बाजूंचे दोन फासे टाकायचा. बेरीज आकड्याच्या वर गेली की गोब्लिन पळत सुटायचे. काय मजा यायची त्यात! पळालेला पुढच्या दालनात जाऊन बोंब ठोकणार, म्हणून आम्ही त्याच्या मागे धावायचो आणि आखलेले सगळे बेत विस्कटून जायचे.

आता बंगळूरजवळच्या होसकोट्यात आमचा शनिवारचा डाव पहाटेच्या दम बिर्याणीपर्यंत चालतो. रंगवलेल्या मूर्ती आहेत, टॅबवर नकाशे आहेत, फासे तर बरणीभर. पण 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत तो आकडा गेला, आणि आता बहुतेक टेबलांवर राक्षस जागेवरच उभे राहून मरेपर्यंत लढतात. मला ते बघवत नाही.

राक्षसांनी कसं वागावं हे समजावताना नव्या गेम मास्टरांना मी याच गावची हकिगत सांगतो. ऑगस्ट 1768, पहिलं इंग्रज-म्हैसूर युद्ध. इंग्रजांच्या मदतीला आलेल्या गुत्तीच्या मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची छावणी होसकोट्याजवळ पडली होती. म्हैसूरच्या हैदर अलीने रात्री छापा घातला. अंधारात आपला कोण, परका कोण? मुराररावांनी हुकूम सोडला: कुणी घोड्यावर बसायचं नाही, आपापल्या घोड्यापाशी उभं राहायचं, स्वार दिसला की तो शत्रू, तोडा. अंधार मराठ्यांच्या बाजूचा झाला. त्यातच मुराररावांचा हत्ती जखमी होऊन सुटला आणि सोंडेत साखळदंड धरून तो गरागरा फिरवत हैदरच्या फौजेत घुसला. छापा फसला.

हत्ती वेदनेने पेटला होता. मुराररावांनी मात्र आपल्याला काय ओळखता येतं आणि काय नाही, याचा विचार केला होता. राक्षसांतही हा भेद हवा. जखमी अस्वलाने डावपेच खेळू नयेत, गुहेकडे पळावं. कोबोल्ड नावाच्या छोट्या राक्षसांनी मात्र वाट अडवावी, अरुंद बोळात गाठावं. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर 1987 च्या अंकात रॉजर मूर यांनी टकर नावाच्या गेम मास्टरच्या कोबोल्डांविषयी लिहिलं होतं: अगदी दुबळे जीव, पण आगी लावून, आडोशातून मारा करून बड्या वीरांना सळो की पळो करणारे.

पथ्य एकच. खेळाडूंनी कुजबुजत आखलेला बेत गेम मास्टरच्या कानावर पडतो, राक्षसाच्या नव्हे. तो वापरला तर ती लबाडी.

पुढचा डाव मांडणाऱ्यांनो, प्रत्येक राक्षसाच्या कागदावर एवढं लिहून ठेवा: त्याला काय हवंय, त्याला काय दिसतंय आणि तो केव्हा पळेल. शेवटच्या गोष्टीसाठी जुना आकडा आजही उत्तम चालतो.