मल्लेश्वरमचा शिलालेख

कार्यालयीन कामासाठी बंगळुरूस गेलो असता रविवारी मल्लेश्वरमच्या खाद्यभ्रमंतीत सामील झालो. लोण्याच्या डोशापाशी तासभर रमलेली मंडळी काडू मल्लेश्वराच्या देवळातून दहा मिनिटांत बाहेर पडली. वाटाड्याने केंपेगौडांवरून थेट टिपूकडे उडी घेतली. वास्तविक १६३८ ते १६८७ हे शहर शहाजीराजे व पुढे एकोजीराजे यांच्याकडे होते. एकोजीराजांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख देवळातच आहे.

सत्ता पन्नास वर्षांत ओसरली. टिकला तो एका गावाचे उत्पन्न देवाला लावून देणारा आदेश. मीही तीस वर्षे आदेशांवर सह्या करीत आलो. त्यांतील कोणता आदेश कोणाच्या उपयोगी पडला, हे मात्र मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.