एमडी-५: निवृत्ती न मिळालेला

एमडी-५ हा फाइलचा ठसा घेणारा हॅश अल्गोरिदम. त्याला काहीही द्या, उत्तर बत्तीस अक्षरांतच येणार. एका ओळीचा निरोप असो की अख्खा सिनेमा. रिकामी फाइल पुढे केली तरी तो गप्प बसत नाही. ‘डी४१डी८’ने सुरू होणारं ठरलेलं उत्तर ठोकून देतो. फाइलमधला एक स्वल्पविराम हलवा, उत्तर ओळखू येणार नाही इतकं बदलतं. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१मध्ये त्याला घडवलं, थोरला एमडी-४ भरवशाचा वाटेना म्हणून. थोरला तीन फेऱ्यांत उरकायचा. हा चार फेऱ्या, चौसष्ट पावलं घेतो.

पोटातलं ओठांवर न येऊ देण्यात मात्र पक्का. नुसत्या उत्तरावरून मूळ मजकूर उलगडणं व्यवहारात आजही जमलेलं नाही. (पासवर्ड फुटतात ते त्याच्या चपळाईपायी. सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासायला सांगा, हा तयार.) त्याचं दुखणं वेगळं आहे. मुद्दाम घडवलेली जुळी त्याला ओळखता येत नाहीत.

१९९६मध्ये हान्स डॉबर्टिन यांनी त्याच्या आतल्या यंत्रणेतली भेग दाखवली. लोकांनी माना डोलावल्या. ऑगस्ट २००४मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या परिषदेत वांग श्याओयुन यांनी दोन वेगळे मजकूर समोर ठेवले. दोघांना एमडी-५चं उत्तर एकच. सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं, आणि तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर हजर.

मग व्हायचं ते झालं. २००८च्या डिसेंबरात संशोधकांच्या एका चमूने दोनशे प्लेस्टेशन-३ जुंपून, अशाच जुळ्यांच्या आधारे, असं बनावट प्रमाणपत्र बनवलं, की त्याच्या जोरावर कुठल्याही वेबसाइटचं सोंग घेता यावं. माणसं सज्जन, प्रमाणपत्राची मुदत त्यांनी मुद्दाम उलटून गेलेलीच ठेवली. २०१२मध्ये सापडलेल्या ‘फ्लेम’च्या कर्त्यांना असला संकोच नव्हता. जुळ्यांचीच युक्ती वापरून त्यांनी मायक्रोसॉफ्टची सही मिळवली, आणि त्यांचा हेरगिरीचा प्रोग्राम विंडोजचं अपडेट म्हणून संगणकांत शिरला. त्यात इराणमधले संगणक बरेच होते.

एवढ्यावर कोणीही त्याला घरी बसवलं असतं. पण आपल्याकडे १ जुलै २०२४ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात याच्या नावाचा रकाना छापलेला आहे. त्याच महिन्यात, नेटवर्कवर लॉगिन तपासणाऱ्या रेडियस पद्धतीला याच्याच आडून फसवता येतं, हे संशोधकांनी दाखवलं.

तरी तो रकाना अगदीच हास्यास्पद म्हणता येत नाही. जुळं घडवायचं तर दोन्ही मजकूर घडवणाऱ्याच्या हातात असावे लागतात. जप्त केलेल्या जुन्या हार्ड डिस्कला नंतर जुळं जन्माला घालणं अजून कोणाला साधलेलं नाही. पण फाइल लिहिणाऱ्यानेच आधीपासून ती तयारी ठेवली असेल तर? त्याच प्रमाणपत्रात एसएचए-२५६ या अधिक भक्कम हॅशचाही रकाना आहे. तपास अधिकाऱ्याने तो कोरा सोडू नये.