एन आय जी एच टी, नाईट!

तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सकाळी हिरवे-पिवळे चौकोन पडतात का? मग 'वर्डल' म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात... पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा वेगळी तर पिवळं, नाहीच तर करडं. दिवसाला एकच शब्द, सगळ्या जगाला तोच.

ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने हा खेळ बनवला तो पार्टनर पलक शहासाठी. तिला शब्दांचे खेळ आवडायचे म्हणून. पाच अक्षरी शब्द निघाले सुमारे १२,०००. त्यातले ओळखीचे साधारण २,५०० तिनेच निवडून दिले. १ नोव्हेंबर २०२१ला ९० जण खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाखांवर! आणि ३१ जानेवारी २०२२ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा खेळ दहा लाख डॉलर्सहून जास्त मोजून विकत घेतल्याचं जाहीर केलं. (आम्हाला बर्थडेला मग मिळतो, फोटोवाला.)

मला वर्डल आवडतो त्याचं कारण मात्र वेगळं आहे. इथे तुमचा उच्चार कोणी ऐकत नाही.

मी पक्की मराठी मीडियमवाली. एबीसीडी थेट पाचवीत. आमचं इंग्रजी म्हणजे अख्ख्या वर्गाने सुरात म्हणायचं, 'एन आय जी एच टी नाईट, नाईट म्हणजे रात्र!' मधले जी आणि एच कशाला, असं विचारलं की बाई म्हणायच्या, "ते सायलेंट असतात गं, पाठ कर." केले पाठ. लाईट, माईट, फाईट, राईट, साईट, टाईट, सगळी पलटण. वर 'एट' म्हणजे आठ. त्याचा उच्चार वेगळा, पण शेपूट तेच.

पुण्यात पहिली नोकरी लागली आणि कळलं, या भांडवलाला बाजारात भाव नाही. क्लायंट कॉलच्या स्लाइड्स मी बनवायच्या, आकडे मी काढायचे आणि बोलायला बसायचा शेजारच्या क्युबिकलमधला कॉन्व्हेंटवाला. बॉस अगदी प्रेमाने म्हणायचे, "तू बॅक-एंड सांभाळ, ते तुझं स्ट्राँग आहे." त्या मुलाच्या मेल्समधली स्पेलिंगं पाठवण्याआधी मी नीट करून द्यायचे. दोन वर्षांनी प्रमोशन कोणाला मिळालं, सांगायला हवं का?

म्हणून आताच्या ऑफिसात चहाच्या वेळी कोणी वर्डलमध्ये अडकलं की मला जरा मजा येते, हे लपवत नाही. परवा एकाची शेवटची चार अक्षरं हिरवी झाली होती, आय-जी-एच-टी. तो तोंडाने 'व्हाईट, क्वाईट, बाईट' करत बसला होता. इंग्रजी फर्डं, पण शब्द कानात राहतात त्याच्या. माझ्या डोक्यात ते अक्षर-अक्षर सुटे पडलेले असतात.

ही जागा खरंच फसवी आहे. समजा आठही शब्द शक्य आहेत आणि हातात तीनच प्रयत्न. एकेक करून ठोकत बसलात तर तीन संपतात, पाच उरतात, खेळ खल्लास. त्याऐवजी सरळ 'फिल्म्स' टाका. तो उत्तर नाही, माहितीय. पण एफ, एल, एम, एस ही चार पहिली अक्षरं एका फटक्यात तपासून होतात. चारही करडी आली तर पुढे 'एन्टर'. त्यात ई, एन आणि आर तिघांचा निकाल लागतो. तिघंही नसतील तर उरला 'टाईट'. तिसऱ्या प्रयत्नात उत्तर नक्की! (हार्ड मोडवाल्यांनी हे विसरा. तिथे सापडलेली हिरवी अक्षरं सोडता येत नाहीत.)

आणि ते जी-एच? ते उगाच आलेले नाहीत, हे मला चांगलं पस्तिशीत कळलं. जुन्या इंग्रजीत रात्रीला 'निख्त'सारखं काहीतरी म्हणत, घशातून. जर्मन लोक आजही 'नाख्ट' म्हणतात. इंग्लंडमध्ये बोलण्यातून तो आवाज हळूहळू गळत गेला. पण १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टनने तिथे छापखाना काढला आणि पुढे छापून छापून स्पेलिंगं गोठली. आपल्याकडचं 'नक्त' याच घराण्यातलं. माझी आजी नक्त करायची, म्हणजे दिवसभर उपास आणि जेवण रात्री. 'एट' आणि 'अष्ट'ही चुलत भावंडं. फरक एवढाच की आपण 'अष्ट'चा 'आठ' केला तेव्हा बोलणं बदललं तसं लिहिणंही बदलून टाकलं. इंग्रजांनी आवाज सोडून दिला आणि अक्षरं सांभाळली. बाईंना हे माहीत असतं तर वर्गात किती बहार आली असती!

वर्डलमुळे माझं अप्रेझल सुधारलेलं नाही, गैरसमज नको. मीटिंगमध्ये वाक्य मी अजूनही आधी मनात जुळवून बघते. पण सध्या सलग १४० दिवसांची स्ट्रीक आहे आणि ग्रुपवर लोक सकाळी माझ्या चौकोनांची वाट बघतात.

माझी भाची इंग्लिश मीडियमला आहे. झोपेतसुद्धा इंग्रजीत बडबडते. परवा तिचा मेसेज आला, गुड नाईट. नाईट लिहिलं होतं एन-आय-टी-ई. मी म्हटलं, "अगं, जी-एच कुठे गेले?"

"मावशी, कळलं ना तुला? मग झालं तर!"