खांदा निखळतो, तेव्हा विश्रांती कोणाला मिळते?

23 मार्च 2021. गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना सुरू होता. कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. गहुंजे आमच्याच मावळ तालुक्यात, पण सामना मी पाहिला तो पाळी सुटल्यावर टाकवे बुद्रुकमधल्या भाड्याच्या खोलीत, मित्राच्या मोबाइलवर. आठव्या षटकात चौकार अडवायला श्रेयस अय्यरने झेप घेतली आणि तो डावा खांदा धरून कळवळला. मित्राने विचारले, "काय झालं रे?" मी म्हणालो, "खांदा सटकला." डॉक्टर काय म्हणाले हे बातम्यांत नंतर आले. मला आधीच कळले होते, कारण माझा उजवा खांदा तोवर नऊ वेळा निखळला होता.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. 8 एप्रिलला श्रेयसच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या हंगामाच्या आयपीएलचा पहिला भाग त्याला खेळता आला नाही, पण खेळाडूंच्या विमा योजनेमुळे त्याचे पूर्ण मानधन त्याला मिळणार, अशा बातम्या आल्या. सप्टेंबरात तो मैदानावर परतला. 26 नोव्हेंबरला, म्हणजे संविधान दिनी, कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. दुखापत ते शस्त्रक्रिया, 16 दिवस.

माझी पहिली दुखापत डिसेंबर 2014 ची. शस्त्रक्रिया नोव्हेंबर 2022 ची. मध्ये आठ वर्षे.

श्रेयसबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याला जे मिळाले ते दुखापत झालेल्या प्रत्येक कष्टकऱ्याला मिळायला हवे. ते का मिळत नाही, एवढाच माझ्या लेखाचा प्रश्न आहे.

आमचे गाव आंदर मावळात, ठोकळवाडी धरणाच्या अलीकडे. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती, थोडीशी भातखाचरे. एकोणीस वर्षांचा असताना कबड्डीच्या सामन्यात पकडीत हात मागे ओढला गेला आणि खांदा उतरला. मामांनी हाडवैद्याकडे नेले. त्याने काखेत टाच लावून हात ओढला, खांदा बसला. शंभर रुपये आणि एक नारळ. आठ दिवस हात गळ्यात बांधला आणि सगळे विसरून गेलो. (काखेत टाच लावून खांदा बसवायची रीत ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही आहे. वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत तापल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपायही तिथेच आहे. आमच्या हाडवैद्यानेही पाचव्या खेपेला डाग द्यायचा विषय काढला होता. मी पळालो!)

दुसऱ्यांदा खांदा निखळला तो भाताच्या झोडणीत, पेंढी डोक्यावरून मागे नेताना. मग कंपनीत ठेकेदाराकडे लोडिंगला लागलो. 50 किलोची गोणी ट्रकच्या वरच्या थप्पीला लावताना तो सहा वेळा गेला. एकदा झोपेत कूस बदलताना गेला. आणि दहाव्यांदा गेला तो वडगावला तहसील कचेरीवरच्या मोर्चात. घोषणा देताना मूठ आवळून हात वर केला आणि तो तिथेच अडकला. कार्यकर्ते पोरे हसली. मीही हसलो. रात्री मात्र रडलो. ज्या हाताने 'जय भीम' म्हणायचे, तो हातही आपला राहिला नाही, असे वाटले.

हे असे का होते, ते आठ वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टर बाईंनी पाच मिनिटांत सांगितले. कमरेचा सांधा उखळासारखा खोल असतो, म्हणून तो सहसा निघत नाही. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच शरीरात सर्वात जास्त निखळणारा मोठा सांधा हाच. त्या बशीच्या काठाला मऊ कुर्चेची कड असते. मी त्यांना म्हणालो, "म्हणजे खाचराचा बांध." त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर. पहिल्या वेळी तुमचा बांध फुटला. तो नीट बांधलाच नाही, मग पाणी प्रत्येक वेळी तिथूनच जाणार."

हा फुटलेला बांध ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी 1923 मध्ये दाखवून दिला. आज दुर्बिणीने दोन-तीन छिद्रांतून तो पुन्हा हाडाला शिवता येतो. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा बहुतेक पोरांमध्ये पुन्हा निखळतो, हेही वैद्यकशास्त्राला जुनेच माहीत आहे. पण दर खेपेला खोबणीचे हाड थोडे थोडे झिजते. माझे इतके झिजले होते की नुसता बांध शिवून भागणार नव्हते. शेजारच्या हाडाचा तुकडा कापून, दोन स्क्रूंनी खोबणीच्या काठावर बसवावा लागला. फ्रेंच सर्जन लातार्जे यांनी 1954 मध्ये मांडलेली ही पद्धत. म्हणजे वेळेत गेलो असतो तर छोट्या छिद्रांवर भागले असते. उशिराची किंमत मी माझ्या हाडाने मोजली.

मग वेळेत का गेलो नाही? अज्ञान, हे सोपे उत्तर आहे आणि ते अर्धेच खरे आहे. 2019 मध्ये एका डॉक्टरांनी मला ऑपरेशन सुचवले होते. त्यांनी विचारले, "खर्च परवडेल का?" सगळे हेच विचारतात. पण खर्चासाठी सरकारी रुग्णालय असते, योजना असतात, कर्ज काढता येते. मला न परवडणारी गोष्ट वेगळीच होती. सहा आठवडे हात झोळीत, तीन महिने जड काम नाही, गोणी उचलायला सहा महिने. एवढी विश्रांती परवडणार होती का? ठेकेदाराचा हिशोब सरळ होता. हजेरी नाही तर पगार नाही, महिनाभर आला नाहीस तर जागा नाही.

शिवाय निखळलेला खांदा बसवला की बाहेरून काहीच दिसत नाही. प्लास्टर नाही, टाका नाही. म्हणून माणूस ढोंगी ठरतो. आमचा सुपरवायझर चारचौघांत म्हणाला होता, "अरे, तुम्हा लोकांना बसून खायची सवयच लागलीय." 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावाचा सांगावा पायांनी आणि गावाची मेलेली ढोरे खांद्यावरून वाहिली, त्यांच्या नातवाला कामचुकार म्हणायला या समाजात पुरावा लागत नाही. त्या शब्दाच्या भीतीने मी आणखी तीन वर्षे गोण्या उचलल्या. ही माझी चूक होती. आपण कामचुकार नाही हे सिद्ध करण्यासाठी स्वतःचे शरीर मोडून घेणे म्हणजे स्वाभिमान नव्हे.

2022 च्या पावसाळ्यात खांदा अकराव्यांदा निखळला आणि संघटनेतल्या एका ज्येष्ठ ताईंनी माझी पगाराची चिठ्ठी मागितली. त्यावर ईएसआयच्या नावाने दरमहा सुमारे शंभर रुपये कापलेले होते. "मग कार्ड कुठंय?" त्या म्हणाल्या. कार्ड मला कोणी दिलेच नव्हते, आणि मीही चार वर्षांत विचारले नव्हते. ठेकेदाराने टोलवाटोलवी केली. ताईंनी कंपनीला लेखी पत्र दिले, कारण कायद्यानुसार ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाचीच असते. तीन आठवड्यांत विमा क्रमांक हातात आला. ऑपरेशन झाले. खिशातून औषधांचे किरकोळ पैसे सोडले तर काही गेले नाही.

हा कायदा आभाळातून पडलेला नाही. जुलै 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडणी केली होती की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम 1943 मध्ये प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले ते त्यांच्याच खात्यातून, आणि त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. बाबासाहेबांना केवळ आरक्षणापुरते ओळखणाऱ्या माझ्या सवर्ण सहकाऱ्यांच्या चिठ्ठीवरही तीच कपात असते, आणि आजारात तोच आधार त्यांनाही मिळतो.

पण कायद्यातही फट आहे. साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. कामावरच्या अपघातात मात्र 90 टक्के मिळते आणि अपंगत्व असेल तोवर मिळते. माझा खांदा सहा वेळा कामावर निखळला होता, पण एकदाही अपघात नोंदवहीत नोंद झाली नाही. "ते तुझं जुनं कबड्डीचं दुखणं," असे म्हणून प्रत्येक वेळी मिटवले. पहिला बांध कबड्डीत फुटला हे खरे. पण हाड झिजले ते कोणाच्या गोण्यांखाली? नोंद नसल्याने माझे दुखणे खासगी ठरले. 91 दिवस संपले तेव्हा गोणी उचलायला आणखी तीन महिने बाकी होते.

ते तीन महिने कसे निघाले हे लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. ऑपरेशन नोव्हेंबरात, म्हणजे ऐन भातकापणीत झाले. मी झोळीत हात घालून खळ्याच्या कडेला बसलो होतो आणि माझी अठ्ठावन्न वर्षांची आई पेंढ्या झोडत होती. मी उठलो की म्हणायची, "बस बाळा, हात नको लावू." दुपारी एकदा ती स्वतःचा खांदा दाबत बसलेली दिसली. विचारले तर म्हणाली, "आमचं काय, आमचं दुखतच असतंय." माझ्या विमा कार्डावर आईला औषधोपचार मिळतात. पण तिने चार दिवस हात झोळीत घातला तर त्याचे पैसे तिला कुठलाही कायदा देत नाही. शेतातली बाई कोणाच्याही हजेरीपटावर नसते. माझी विश्रांती शेवटी सरकारने आणि मालकाने नव्हे, तर आईच्या खांद्याने पेलली. 1928 चा प्रश्न आमच्या खळ्यावर अजून सुटलेला नाही.

म्हणून गोण्या उचलणाऱ्या माझ्या भावंडांना सांगणे आहे. पहिल्यांदा निखळलेला खांदा हाडवैद्याने बसवला तरी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्यांदा निखळला तर ऑपरेशनचे विचारा, अकराव्याची वाट पाहू नका. चिठ्ठीवर कपात असेल तर विमा क्रमांक मागा. कामावर काहीही झाले तरी त्याच दिवशी नोंदवहीत लिहायला लावा, जुने दुखणे असले तरीही. आणि संघटनांना विनंती, की मोर्चाच्या मागणीपत्रात शेतमजूर बाईच्या आजारपणातल्या मजुरीचे कलम घाला. वक्ते महिला सबलीकरणावर बोलतात, त्यात हे येत नाही.

25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही जातो. 2022 ला मी झोळीसकट गेलो. गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून आई माझ्या उजव्या बाजूने चालत होती. वंदनेला हात जोडता आले, कारण त्यासाठी हात छातीपाशीच लागतो. घोषणेला मात्र मी डावी मूठ वर केली. उजवी वर जायला जून उजाडला.

आता ती पूर्ण वर जाते. आईचा खांदा दाखवायला पुढच्या सोमवारी दवाखान्यात जायचे आहे. ती म्हणते, भात लावून झाल्यावर बघू. मी या वेळी ऐकणार नाही.

जय भीम!